रक्तातील पेशी, चयापचयाची जनुके आणि डीएनएवरील मिथिल खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवते. वर्गात विद्यार्थी विचारतात ते प्रश्न आणि ओळखीची माणसे जनुकीय तपासणीचा अहवाल हातात धरून विचारतात ते प्रश्न आता बरेचसे सारखे झाले आहेत. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

डीएनएचे मिथिलीकरण म्हणजे नेमके काय?

डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला, बहुतेक वेळा त्याच्या लगेच पुढे ग्वानिन असेल अशा ठिकाणी, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा गट जोडला जातो. हा मिथिल गट जोडण्याच्या क्रियेला मिथिलीकरण म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात सायटोसिन-ग्वानिनची अशी सुमारे २ कोटी ८० लाख ठिकाणे आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी ही खूण असते. खूण जोडल्याने अक्षर बदलत नाही, पण ते वाचले जाण्याची पद्धत बदलते. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात खुणा दाट असतील तर ते जनुक सहसा गप्प राहते. जनुकाच्या मधल्या भागातील खुणांचा अर्थ मात्र इतका सरळ नसतो.

नाशिकच्या विद्यार्थ्यांना मी द्राक्षबागेचे उदाहरण देते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागायतदार काड्या कापून तपासायला देतात, तेथे प्रत्येक डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. वाण तोच, वेल तीच, काडीही तीच, तरीही एका डोळ्यात घड असतो आणि शेजारच्या डोळ्यात नसतो. कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्या डोळ्याला मिळालेले ऊन, पाणी आणि अन्न यांवर ते ठरलेले असते. वाण म्हणजे जनुकांचा क्रम आणि डोळ्याची अवस्था म्हणजे जनुकाची चालू-बंद स्थिती, एवढ्यापुरतीच ही तुलना घ्यावी. द्राक्षाच्या डोळ्यात घड धरणे हे मिथिलीकरणामुळेच होते, असा तिचा अर्थ नाही.

चयापचयाचा या खुणांशी संबंध कसा येतो?

मिथिल गट पेशीला कोठून तरी आणावा लागतो, आणि तो अन्नातूनच येतो. अन्नातील मेथिओनिन या अमिनो आम्लापासून पेशी एस-ॲडेनोसिल मेथिओनिन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘सॅम’, हा पदार्थ तयार करते. डीएनएवर मिथिल गट बसवणारी डीएनएमटी१, डीएनएमटी३ए आणि डीएनएमटी३बी ही विकरे (एन्झाइम) हा गट सॅमकडूनच घेतात. गट देऊन झाला की सॅमचे रूपांतर एस-ॲडेनोसिल होमोसिस्टीनमध्ये होते. हा उरलेला पदार्थ साचला तर याच विकरांना अडथळा करतो. म्हणून सॅम किती आहे याबरोबरच हा उरलेला पदार्थ किती वेगाने पुढे जातो, यालाही महत्त्व आहे.

पुढे त्यापासून होमोसिस्टीन तयार होते आणि त्याच्यासमोर तीन वाटा असतात. पहिल्या वाटेवर फोलेट या जीवनसत्त्वाने आणलेला मिथिल गट घेऊन, बी-१२ जीवनसत्त्वाच्या मदतीने, ते पुन्हा मेथिओनिन होते. दुसरी वाट मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात आहे. तेथे कोलिनपासून बनलेले बीटेन हा गट देते. तिसऱ्या वाटेवर बी-६ च्या मदतीने होमोसिस्टीनचे सिस्टीन होते आणि ते या चक्रातून बाहेर पडते. या वाटांवरील प्रत्येक विकराचे स्वतःचे जनुक आहे, आणि त्या जनुकात माणसागणिक अक्षराचा एखादा फरक असू शकतो. असा फरक चक्राचा वेग बदलतो, म्हणून त्याचा परिणाम डीएनएवरील खुणांपर्यंत पोहोचण्याची शक्यता असते. ती शक्यता प्रत्यक्षात कधी उतरते आणि कधी उतरत नाही, हाच या विषयाचा गाभा आहे.

एमटीएचएफआर जनुकाचे नाव इतके का ऐकू येते?

कारण या चक्रातील सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला भेद, म्हणजे जनुकातील अक्षराचा फरक, याच जनुकात आहे. एमटीएचएफआर हे विकर फोलेटला त्या रूपात आणते, ज्या रूपातून मिथिल गट होमोसिस्टीनला देता येतो. त्याच्या जनुकात ६७७ व्या जागी सायटोसिनऐवजी थायमिन असेल, तर प्रथिनातील २२२ व्या जागी ॲलानिनऐवजी व्हॅलिन येते. १९९५ मध्ये या भेदाची ओळख पटली तेव्हा असे दिसले की बदललेले विकर उष्णतेला लवकर बळी पडते. आई आणि वडील या दोघांकडूनही हा भेद आला असेल, तर विकराची क्षमता प्रयोगशाळेतील मोजणीत नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत उतरते; एकाच बाजूने आला असेल तर ती ६५ टक्क्यांच्या आसपास राहते.

विकर अशक्त का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याला काम करण्यासाठी बी-२ जीवनसत्त्वापासून, म्हणजे रायबोफ्लेविनपासून, बनलेला एक सहघटक घट्ट धरून ठेवावा लागतो. बदललेल्या विकराची ही पकड सैल असते आणि सहघटक निसटला की विकराचा साचाच विस्कटतो. फोलेट पुरेसे असेल तर ते विकराला सावरते आणि ही पकड टिकते. म्हणूनच दोन्ही प्रती बदललेल्या माणसांना रायबोफ्लेविन पूरक म्हणून दिल्यावर त्यांचे होमोसिस्टीन उतरल्याचे दिसले आहे. आपल्याकडे शाकाहारी घरात रायबोफ्लेविनचा मोठा वाटा दुधातून येतो, आणि हे जीवनसत्त्व उजेडाने नष्ट होते. पारदर्शक पिशवीतले किंवा बाटलीतले दूध उन्हात ठेवू नये, या घरच्या सवयीला म्हणूनच रसायनशास्त्राचाही आधार आहे.

मग हा भेद असलेल्यांच्या रक्तपेशींत मिथिलीकरण कमी असते का?

फोलेट कमी असेल तर कमी असते. फोलेट पुरेसे असेल तर बहुधा फरक दिसत नाही. फ्रिसो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तातील पांढऱ्या पेशींच्या डीएनएचे एकूण मिथिलीकरण मोजले होते. दोन्ही प्रती बदललेल्या व्यक्तींमध्ये ते कमी आढळले, पण तपशिलात पाहिल्यावर ही घट प्रामुख्याने फोलेटची पातळी खालावलेल्यांमध्येच होती. भेद तोच, पण फोलेटची पातळी वेगळी होती आणि निकालही वेगळा निघाला. माझ्या मते विद्यार्थ्यांनी या विषयातील दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण हे ठेवावे. कारण अहवालावर छापलेला जनुकाचा प्रकार हे अर्धेच वाक्य आहे आणि उरलेले अर्धे त्या माणसाच्या ताटात आणि आतड्यांतील शोषणात असते.

माझ्या अहवालात ‘एमटीएचएफआर सदोष’ असे लिहिले आहे. औषध घ्यावे का?

सिन्नरकडच्या एक ताई असाच अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. एका प्रयोगशाळेने त्यांना अनेक पानांची रंगीत पुस्तिका दिली होती. एमटीएचएफआरच्या नावापुढे लाल चौकोन होता आणि शेवटच्या पानावर महागड्या गोळ्यांची यादी होती. त्यांची एकच प्रत बदललेली होती, म्हणजे पुष्कळ निरोगी माणसांत असते तशी. पुस्तिकेत कोठेही बी-१२ ची पातळी नव्हती आणि होमोसिस्टीनही नव्हते. त्यांनी आठ महिने त्या गोळ्या घेतल्या होत्या. पायाला मुंग्या येणे मात्र वाढत गेले होते. साध्या तपासणीत बी-१२ खूपच कमी निघाले. त्या जन्मापासून शाकाहारी होत्या आणि मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेत होत्या. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चे शोषण घटते, हे चांगले ठाऊक असलेले सत्य आहे. त्यांच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली. हे आठ महिने वाया गेल्याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण फोलेट एकटेच भरपूर दिले तर बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहू शकते.

अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार होणारे गर्भपात यांच्या तपासणीत एमटीएचएफआरची चाचणी नेहमीचा भाग म्हणून मागवू नये. हा भेद असलेल्या व्यक्तीचे शरीर साधे फोलिक ॲसिडही, म्हणजे गोळीतले फोलेटही, वापरू शकते. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, हा नेहमीचा सल्ला भेद असो वा नसो, तोच राहतो. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल तर डॉक्टर याहून बरीच मोठी मात्रा देतात. कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि सोबत बी-१२ चा अहवाल न्यावा.

आपल्या भागात फोलेटपेक्षा बी-१२ वर इतका भर का?

६७७ जागेवरील हा भेद भारतात युरोप किंवा मेक्सिकोच्या तुलनेत कमी आढळतो. बी-१२ ची कमतरता मात्र आपल्याकडे सर्रास आहे, कारण हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही; ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून येते. चहातल्या दोन चमचे दुधावर ते भागत नाही. बी-१२ नसेल तर फोलेट मिथिल रूपात अडकून पडते, म्हणजे आहे पण वापरता येत नाही, अशी अवस्था होते. यालाच फोलेटचा सापळा म्हणतात.

या बाबतीत महाराष्ट्रातच फार मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की गरोदरपणात ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहा वर्षांच्या वयात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत जास्त होता. या अभ्यासात मिथिलीकरण हे सिद्ध झालेले कारण नाही. पण ज्या चक्राविषयी आपण बोलत आहोत त्याच चक्राचा तोल बिघडल्याचे हे चित्र आहे, आणि ते परदेशातले नाही, आपल्याच राज्यातले आहे. निफाड किंवा दिंडोरीच्या एखाद्या घरात सून गरोदर असताना तिच्या ताटात दही आणि दूध शेवटी वाढले जात असेल, तर ही गोष्ट जनुकीय चाचणीपेक्षा आधी विचारायला हवी, असे मला मनापासून वाटते.

मिथिलीकरण रक्तातच का मोजतात? चयापचय तर यकृतात आणि स्नायूंत चालतो.

खरे उत्तर असे की रक्त सहज मिळते. जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले रक्त अपकेंद्री यंत्रात फिरवले की खाली लाल पेशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मधे कागदाच्या जाडीचा पांढुरका थर दिसतो. डीएनए त्या थरातून मिळतो, कारण लाल पेशींना केंद्रकच नसते. साधारण एक मिलिलिटर रक्तातून ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास डीएनए निघतो आणि तेवढा चाचणीला पुरतो. त्यावर बायसल्फाइटची प्रक्रिया केली की मिथिल नसलेले सायटोसिन बदलून जाते आणि मिथिल असलेले तसेच राहते; या फरकावरून खुणा वाचता येतात. एकाच वेळी अनेक ठिकाणच्या खुणा वाचणाऱ्या पहिल्या मोठ्या चिपवर साडेचार लाखांहून अधिक ठिकाणे होती, आणि २०१६ च्या सुमारास आलेल्या चिपवर साडेआठ लाखांहून अधिक.

रक्तातली खूण यकृतात तशीच असेलच असे नाही. शरीरातल्या प्रत्येक प्रकारच्या पेशीचा मिथिलीकरणाचा आराखडा वेगळा असतो, किंबहुना त्यामुळेच यकृताची पेशी यकृताची राहते. अक्षरातील भेदामुळे झालेला फरक मात्र अनेकदा बऱ्याच ऊतींत सारखा दिसतो, कारण अक्षर सगळीकडे तेच असते.

याहून मोठी अडचण रक्तातच आहे. पांढऱ्या पेशी एका जातीच्या नसतात. समजा, एखाद्या ठिकाणी न्यूट्रोफिल पेशींत मिथिलीकरण ९० टक्के आहे आणि लिम्फोसाइट पेशींत २० टक्के. नमुन्यात या पेशी ६० आणि ४० या प्रमाणात असतील तर सरासरी ६२ टक्के येईल. त्याच माणसाला ताप येऊन प्रमाण ८० आणि २० झाले, की सरासरी ७६ टक्के येईल. आणि एकाही पेशीतली एकही खूण बदललेली नसेल. लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू आणि जंतुसंसर्ग या सगळ्यांत पेशींचे प्रमाण हलते. त्यामुळे पेशींचे प्रमाण लक्षात घेतलेले नसेल अशा अभ्यासाच्या निष्कर्षावर मी विद्यार्थ्यांना विसंबू देत नाही. २०१२ पासून मिथिलीकरणाच्याच आकड्यांवरून पेशींचे प्रमाण काढण्याची पद्धत उपलब्ध आहे.

जनुकातील भेद चयापचयाच्या वाटेने न जाता थेट मिथिलीकरण बदलू शकतो का?

होय, आणि हेच जास्त वेळा घडते. सर्वांत सोपा प्रकार असा की भेद नेमका त्या सायटोसिनवरच असतो. सायटोसिनच्या जागी थायमिन आले की मिथिल गट बसायला जागाच उरत नाही. दुसऱ्या प्रकारात भेद शेजारी असतो आणि डीएनएला चिकटणाऱ्या एखाद्या प्रथिनाची पकड बदलतो. ते प्रथिन बसले नाही की तो भाग खुणांनी भरतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२,८५१ जणांच्या रक्तावर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासलेल्या ठिकाणांपैकी सुमारे ४५ टक्के ठिकाणांच्या मिथिलीकरणावर जनुकीय भेदाचा परिणाम दिसला. चिपच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: चिपवरचा शोधक तुकडा जेथे चिकटतो तेथेच भेद असेल, तर तो नीट चिकटत नाही आणि खोटा फरक दिसतो.

चयापचयाचे आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे ११ व्या गुणसूत्रावरील एफएडीएस१ आणि एफएडीएस२ ही जनुके. वनस्पतींच्या तेलांतील छोट्या स्निग्ध आम्लांपासून लांब साखळीची आम्ले बनवण्याचे काम त्यांची विकरे करतात, आणि मासे न खाणाऱ्या माणसाची बरीचशी भिस्त त्यांच्यावर असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्यातील, प्रामुख्याने शाकाहारी, २३४ जणांची तुलना अमेरिकेतील ३११ जणांशी केली होती. हे रूपांतर वाढवणाऱ्या एका भेदाच्या दोन्ही प्रती पुण्यात ६८ टक्के लोकांत होत्या आणि अमेरिकेत १८ टक्के लोकांत. याच जनुकसमूहातील भेदांशी तेथील मिथिलीकरणही निगडित असल्याचे इतर अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे एकच भेद रक्तातील स्निग्ध आम्लेही बदलतो आणि शेजारच्या खुणाही बदलतो. अशा वेळी स्निग्ध आम्ल आणि खूण यांचा संबंध आकड्यांत ठळक दिसतो, पण त्यांतले एक दुसऱ्याचे कारण असेलच असे नाही. दोघांचे मूळ तिसरीकडे आहे.

जर्मनीतील कोरा या लोकसमूहावर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात १,८१४ जणांच्या रक्तातील शेकडो चयापचयी पदार्थ आणि मिथिलीकरण यांची एकत्र तुलना केली, तेव्हा नेमके हेच समोर आले. काही संबंध खालच्या जनुकीय भेदामुळे निर्माण झालेले होते आणि तो भेद हिशोबात धरताच ते विरले. काही मात्र भेदापासून स्वतंत्र राहिले आणि तेथे पर्यावरणाचा किंवा राहणीमानाचा हात असण्याची शक्यता उरली.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कसे ठरवतात?

येथे जनुकीय भेद संशोधकाच्या मदतीला येतात. माणसाचे ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक मेद) आज वाढलेले आहे आणि त्याच्या रक्तपेशींत एका ठिकाणी मिथिलीकरण कमी आहे, एवढ्यावरून बाण कोणत्या दिशेने काढायचा ते कळत नाही. पण ट्रायग्लिसराइड वाढवणारे भेद गर्भधारणेच्या क्षणी, चिठ्ठी उचलावी तसे, वाटले गेलेले असतात. नंतरचा आहार, आजार किंवा मिथिलीकरण यांपैकी काहीही ते भेद बदलू शकत नाही. म्हणून केवळ या भेदांमुळे ज्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त आहे अशांच्या पेशींतही ती खूण बदललेली दिसली, तर बाण ट्रायग्लिसराइडकडून खुणेकडे जातो असे मानायला आधार मिळतो. उलट दिशाही याच पद्धतीने तपासतात: खूण बदलणारे भेद घ्यायचे आणि त्यांच्यामुळे ट्रायग्लिसराइड बदलते का ते पाहायचे. वंशपरंपरेच्या नियमांवर उभ्या असलेल्या या पद्धतीला मेंडेलचे नाव दिले आहे.

नेदरलँड्समध्ये ३,२९६ जणांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही पद्धत रक्तातील मेदांना लावली. ट्रायग्लिसराइडमुळे सीपीटी१ए आणि एसआरईबीएफ१ या जनुकांवरील, एलडीएलमुळे डीएचसीआर२४ वरील आणि एचडीएलमुळे एबीसीजी१ वरील खुणा बदलतात, असे त्यातून निघाले. रक्तपेशींतील खुणांमुळे मेद बदलतात याचा पुरावा मिळाला नाही. ही चारही जनुके मेदांच्या चयापचयाचीच आहेत. सीपीटी१ए स्निग्ध आम्लांना ज्वलनासाठी मायटोकाँड्रियाच्या आत नेण्याच्या दारावर काम करते, आणि एबीसीजी१ पेशीतील जादा कोलेस्टेरॉल बाहेर एचडीएलकडे देते. मला हा निकाल फार अर्थपूर्ण वाटतो. रक्तात वाहणारी पांढरी पेशी दिवसरात्र मेदांनी भरलेल्या द्रवात असते, आणि त्या द्रवाची नोंद ती स्वतःच्या डीएनएवर करून ठेवते.

लठ्ठपणाच्या बाबतीतही २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात शरीरवजनाच्या निर्देशांकाशी निगडित १८७ ठिकाणे सापडली, आणि तेथेही बहुतेक खुणा लठ्ठपणाचा परिणाम ठरल्या, कारण नव्हे. म्हणून ‘रक्तातील मिथिलीकरण सुधारून वजन उतरवा’ अशी जाहिरात वाचनात आली, तर तिच्यातला बाण उलटा काढलेला आहे असे समजावे.

या पद्धतीलाही अट आहे. निवडलेल्या भेदाने फक्त त्या एकाच वाटेने काम केले पाहिजे. एफएडीएससारखा भेद एकाच वेळी अनेक मेद बदलतो आणि शेजारची खूणही बदलतो. तेथे हे गणित जपून करावे लागते.

या खुणांवरून मधुमेहाचे भाकीत होते का?

परिणाम असलेली खूणही भाकितासाठी उपयोगी पडू शकते. धूर आगीचे कारण नसतो, पण आगीची वर्दी देतो. पश्चिम लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एबीसीजी१, फॉस्फो१, एसओसीएस३, एसआरईबीएफ१ आणि टीएक्सएनआयपी या पाच जनुकांवरील रक्तातील खुणा पुढे होणाऱ्या मधुमेहाशी निगडित आढळल्या. टीएक्सएनआयपी हे जनुक ग्लुकोज वाढले की जास्त काम करते आणि पेशीत शिरणाऱ्या ग्लुकोजला आवर घालते. मधुमेहात त्यावरील मिथिलीकरण कमी दिसते. ही खूण संशोधनासाठी मोलाची आहे. आज कोणाला स्वतःचा धोका जाणून घ्यायचा असेल, तर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, कमरेचा घेर आणि घरातील मधुमेहाचा इतिहास एवढे पुरेसे आहे.

मिथिल गट काढून टाकणाऱ्या विकरांवरही चयापचयाचा परिणाम होतो का?

होतो. टेट नावाची विकरे मिथिल खुणा पुसण्याची सुरुवात करतात. त्यांना अल्फा-कीटोग्लुटारेट, लोह आणि ऑक्सिजन लागतात आणि क जीवनसत्त्व त्यांना मदत करते. अल्फा-कीटोग्लुटारेट हा क्रेब्ज चक्रातलाच पदार्थ आहे. आयडीएच१ किंवा आयडीएच२ या जनुकांत विशिष्ट बदल झाला की विकर त्याच पदार्थापासून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवू लागते. ते टेटला अडवते आणि पेशीचा डीएनए खुणांनी भरून जातो. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत हे २०१० मध्ये स्पष्टपणे दाखवले गेले. येथे एक फरक काटेकोरपणे लक्षात ठेवावा: हे बदल आईवडिलांकडून आलेले नसतात, ते आयुष्यात नंतर एखाद्या रक्तपेशीत घडतात. वय वाढते तसे डीएनएमटी३ए आणि टेट२ या जनुकांत बदल झालेल्या पेशींचे थवेही निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या रक्तात सापडतात.

आईच्या पोटात असताना पडलेल्या खुणा टिकतात का?

काही टिकतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात जे गर्भावस्थेच्या सुरुवातीला होते, त्यांच्या रक्तात सुमारे सहा दशकांनंतर आयजीएफ२ या जनुकावरील मिथिलीकरण त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळले. गांबियातील खेड्यांत गर्भधारणा पावसाळ्यात झाली की कोरड्या ऋतूत, यावरून मुलांच्या काही खुणा बदललेल्या दिसल्या, आणि त्या वेळच्या आईच्या रक्तातील मिथिल-चक्राच्या पदार्थांशीही त्यांचा संबंध आढळला. पिढ्यान् पिढ्या खुणा जातात, असे माणसाच्या बाबतीत सर्रास म्हणता येत नाही. फलनानंतर आणि पुन्हा बीजपेशी घडताना बहुतेक खुणा पुसल्या जातात.

रक्तातील खुणांवरून ‘खरे वय’ सांगणाऱ्या चाचण्या घ्याव्यात का?

२०१३ मध्ये ३५३ ठिकाणांवरून वयाचा अंदाज बांधता आला, आणि तो लोकसमूहांच्या अभ्यासात उत्तम काम करतो. एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून मात्र औषधोपचार ठरवण्याइतका तो पक्का नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

नमुना देताना काय काळजी घ्यावी?

डीएनएचे मिथिलीकरण नळीत काही तास बऱ्यापैकी स्थिर राहते. होमोसिस्टीनचे तसे नाही. रक्त काढल्यानंतरही लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात, त्यामुळे नळी तशीच ठेवली तर आकडा तासागणिक वाढत जातो. काही वर्षांपूर्वी आम्ही सुरगाण्याच्या बाजूला एका छोट्या पाहणीसाठी रक्त घेतले होते. बर्फाचा डबा एकच होता, तो भरला आणि उरलेल्या नळ्या मी लाकडी रॅकमध्ये ठेवून दिल्या. घाट उतरून नाशिकला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. रॅकमधल्या जवळजवळ सर्व नमुन्यांत होमोसिस्टीन जास्त आले आणि बर्फातल्या नमुन्यांत तसे आले नाही. चूक माझी होती. ते सर्व निकाल आम्ही बाद केले आणि त्या घरांतून पुन्हा रक्त मागायला मी स्वतः गेले.

म्हणून होमोसिस्टीनची चाचणी सांगितली असेल तर रक्त लगेच बर्फात ठेवतील किंवा तासाभरात अपकेंद्री यंत्रात फिरवतील, अशाच ठिकाणी ते द्यावे. नमुना उपाशीपोटी द्यावा. त्या आठवड्यात ताप आला असल्यास, तंबाखू किंवा मिश्री घेत असल्यास आणि बी-१२, फोलिक ॲसिड किंवा मेटफॉर्मिन चालू असल्यास ते अर्जावर लिहावे. गेल्या काही महिन्यांत बी-१२ चे इंजेक्शन घेतले असेल तर त्याची तारीखही लिहावी, कारण इंजेक्शननंतर रक्तातील बी-१२ चा आकडा बराच काळ चढा राहतो.